हळद-ओवा घालून ब्रॉयलर भरतो का?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, मुरबाडला माझं ३००० पक्ष्यांचं शेड आहे. एक जण सारखा येऊन हर्बल ग्रोथ पावडर घ्या म्हणतो, क्विंटलला अर्धा किलो टाकायची, एफसीआर (एक किलो वजनामागे लागणारं खाद्य) सुधारतो म्हणे. आई म्हणते घरचा ओवा, हळद, लसूण कुटून टाक, पैसे कशाला घालवतोस. खरं कुणाचं?
— मुरबाडचा एक शेतकरी

उत्तर: आईचं बोलणं अगदीच टाकाऊ नाही हो. परदेशी पाकिटावर थायमॉल लिहून जे विकतात तेच आपल्या ओव्याच्या तेलात भरपूर असतं, लसणात अ‍ॅलिसिन, हळदीत कर्क्युमिन. यातली तेलं वाईट जंतूंचं आवरण फोडतात, पित्त आणि पाचक रस जरा जास्त सुटतात, आतड्याच्या आतली बारीक लव शाबूत राहते आणि ती शाबूत तर खाल्लेलं अंगी लागतं. घरच्या मसाल्याची गडबड एवढीच की प्रमाण हातात राहत नाही, एका हळदीत कर्क्युमिन २ टक्के तर दुसरीत ५, कुटलेल्या लसणाचा दम पटकन उतरतो आणि ओला लसूण पोत्यात गेला की पावसाळ्यात बुरशी आलीच, मग मक्याला आधीच असलेली बुरशी कमी होती का!

आता पावडरीचा हिशेब करा. २ किलोचा पक्षी, एफसीआर १.६५ धरला तर ३००० पक्षी ९९०० किलो खाद्य खाणार, म्हणजे पावडर लागली ५० किलोच्या आसपास. एफसीआर १.६० वर आला तर खाद्य वाचलं ३०० किलो. तर ५० किलो पावडर ३०० किलो खाद्यापेक्षा स्वस्त पडते का, हे त्या विक्रेत्याला विचारा, बहुतेक तो विषय बदलेल. आणि १.६० होईलच असं कुणी लिहून देत नाही, कारण स्वच्छ, कोरड्या शेडमध्ये फरक कमीच दिसतो, तिथं आतड्यावर ताणच नसतो ना.

करून बघायचं तर सगळ्या लॉटला टाकू नका. मधे जाळी लावा, एकाच हॅचरीची पिल्लं दोन्हीकडे सारखी, एका बाजूला पावडर, दुसरीकडे नाही, पोती वेगळी मोजायची आणि दर आठवड्याला ठरलेल्या वेळी दोन्हीकडचे ५०-५० पक्षी तोलायचे. पावडर थेट क्विंटलभर खाद्यात ओतू नका, आधी ४-५ किलो खाद्यात नीट कालवून मग बाकीच्यात, नाहीतर एका फीडरला सगळी आणि दुसऱ्याला काहीच नाही. कंपनीची पिल्लं आणि खाद्य घेऊन करारावर पाळत असाल तर मात्र कंपनीच्या सुपरवायझरला न विचारता खाद्यात चिमूटभरही घालू नका, त्यात आधीच काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

प्रश्न: बदलापूरजवळ शेड आहे, तिसऱ्या आठवड्यात पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसतंय, काही मेलीपण. कडुलिंब आणि हळदीचा काढा पाण्यातून देतेय, अजून किती दिवस देऊ?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर: ताई, काढा आजच बंद करा. हे कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा रोग वाटतोय, पावसाळ्यात याच वयात फार होतं, आणि ते काढ्याने आवरत नाही. आत्ता लगेच एखादं ताजं मेलेलं पिल्लू घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, उघडून बघितल्यावर आतडं सांगतं काय ते, मग डॉक्टर अ‍ॅम्प्रोलियमसारखं औषध पाण्यातून किती द्यायचं ते लिहून देतील. तोवर ड्रिंकरखालचं ओलं तूस बाहेर काढा, कोरडं टाका, पडदे वर करून हवा येऊ द्या. अमोनियाने डोळे चुरचुरत असतील तर कसलीही वनस्पती कामाची नाही, त्या ओलाव्यातच हा रोग वाढतो.

प्रश्न: ऐरोलीत आमच्या इथे "हर्बल चिकन" म्हणून पाटी लावून जास्त भाव घेतात. म्हणजे अँटिबायोटिक नसतं ना? आणि इंजेक्शन देऊन कोंबडी फुगवतात ते?

उत्तर: इंजेक्शनचं डोक्यातून काढून टाका, हजारो पक्ष्यांना रोज सुई कोण टोचणार? दीड महिन्याच्या आत २ किलो होतो तो जात आणि खाद्यामुळे. पाटीचं म्हणाल तर हर्बल आणि अँटिबायोटिक दोन्ही एकाच पक्ष्याला देता येतं, त्यामुळे पाटीवर विश्वास नको, दुकानदाराला फार्म कोणता आणि औषध बंद करून किती दिवसांनी पक्षी विकला ते विचारा. वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं युरोपात १ जानेवारी २००६ पासून बंद आहे, आपल्याकडे कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या पशु-पक्ष्यांतल्या वापरावर २०१९ मध्ये बंदी आली.

प्रश्न: लासोटाच्या (राणीखेत रोगाची पाण्यातून द्यायची लस) दिवशी पाण्यात हर्बल लिक्विड चालेल का? — शहापूर

उत्तर: नाही. लस जिवंत असते. त्या पाण्यात क्लोरीनही नको आणि अर्कही नको, फक्त स्वच्छ पाणी आणि थोडी स्किम मिल्क पावडर. लिक्विड दुसऱ्या दिवशी द्या, त्याला काही घाई नसते.