गोदरेजचं कपाट की उद्याची गाडी? सायबरट्रकवरून आलेले तुमचे प्रश्न

गेल्या अंकात इलेक्ट्रिक टेम्पोंवर लिहिताना जाता जाता मी टेस्लाच्या सायबरट्रकला, म्हणजे अमेरिकेतल्या त्या स्टीलच्या इलेक्ट्रिक पिकपला, "चाकं लावलेलं गोदरेजचं कपाट" म्हणून गेलो, बास एवढंच. त्यावर जेवढी पत्रं आलीत तेवढी इतक्या वर्षांत मायलेजवर पण आली नसतील. अर्ध्या लोकांनी पाठ थोपटली, अर्ध्यांनी मला बैलगाडीच्या जमान्यातला ठरवलं, आणि एका आजींनी विचारलंय की कपाटाला नावं का ठेवता, त्यांचं लग्नातलं कपाट अजून कुरकुर न करता उघडतं. आजी, माफी असावी. बाकीच्यांना जमतील तशी उत्तरं देतो.

एका गाडीवरून एवढी भांडणं का? आमच्या कट्ट्यावर दोघांनी यावरून बोलणं सोडलंय. — एक वाचक, सांगली

कारण तुमचे ते दोघं एकाच गाडीबद्दल भांडतच नसणार. एक आकाराबद्दल बोलत असेल, दुसरा टेस्लाचा प्रमुख इलॉन मस्क याच्याबद्दल, आणि दोघांना वाटतंय समोरचा आपल्या मुद्द्याला उत्तर देत नाहीये. अमेरिकेत पण हेच चाललंय, फक्त तिथं अजून एक तिसरा गट आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात खरा राग त्या गटाचा आहे.

हा तिसरा गट कोण, तर ज्यांना गाडी पहिल्या दिवशीच आवडली ते. २१ नोव्हेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियात हॉथॉर्नला गाडी पहिल्यांदा दाखवली. दारावर घण घातला, पोचा आला नाही, टाळ्या. मग डिझाइनचा प्रमुख फ्रान्झ फॉन होल्झहाउझन यानं काचेवर स्टीलचा गोळा मारला आणि काच तडकली. मागची मारून बघू म्हणाले, ती पण तडकली. आणि मागं त्या दोन फुटक्या काचा घेऊन मस्क पुढचं भाषण देत उभा. आपल्याकडं असं झालं असतं तर मांडववाल्यापासून सगळ्यांना शिव्या पडल्या असत्या, इथं उलट झालं, शंभर डॉलर भरून लोकांनी धडाधड बुकिंग केलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये मस्क सांगत होता की आकडा दहा लाखांच्या वर गेलाय. तेव्हा सांगितलेली किंमत होती ३९,९०० डॉलरपासून, आणि सगळ्यात महागड्या मॉडेलला एका चार्जमध्ये ५०० मैल रेंज, म्हणजे आठशे किलोमीटर. चार वर्षं लोक थांबले. ३० नोव्हेंबर २०२३ ला डिलिव्हरी सुरू झाली तेव्हा हातात येणारी गाडी ७९,९९० डॉलरची, सुरुवातीच्या खास आवृत्तीला वर अजून वीस हजार, आणि रेंज साडेतीनशे मैलाच्या आत. रेंज कमी पडते तर मागच्या हौद्यात बसवायची एक जादा बॅटरी देऊ म्हणाले होते, १६ हजार डॉलरची, ती पण २०२५ च्या मे महिन्यात रद्द. आता सांगा, रागावणार कोण? ज्यानं गाडीला पहिल्यापासून नावं ठेवली तो तर मजेत आहे.

आणि हो, त्या डिलिव्हरीच्या कार्यक्रमात फ्रान्झनं परत काचेवर मारलं, पण या वेळी स्टीलचा गोळा नाही, बेसबॉलचा चेंडू, तोही अगदी बेतानं. काच टिकली. टेस्लानं वर तडकलेल्या काचेचं स्टिकरपण विकायला काढलं. स्वतःच्या फजितीवर धंदा करायला एक वेगळीच कातडी लागते, ते मानलं पाहिजे.

दहा लाख बुकिंग होतं तर रस्त्यावर सगळीकडं दिसायला पाहिजे ना? — विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

शंभर डॉलर भरणं आणि ऐंशी हजार काढणं यात फरक आहे. गाड्यांच्या विक्रीचे आकडे काढणाऱ्या कॉक्स ऑटोमोटिव्हच्या अंदाजानं अमेरिकेत २०२४ मध्ये साधारण ३९ हजार विकले गेले, २०२५ मध्ये वीस हजारांच्या आसपास. मस्कचं टार्गेट होतं वर्षाला अडीच लाख. त्यानं स्वतःच ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणून ठेवलं होतं की सायबरट्रकच्या बाबतीत आम्ही आमचा खड्डा आम्हीच खणलाय. बनवायला किती अवघड आहे या अर्थानं बोलला होता तो, पण वाक्य चिकटलं.

गाडी अशी कोनाकोनाची का? लहान मुलानं पट्टीनं काढल्यासारखी दिसते. — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

मित्रा, हौस होतीच, पण कारण पत्र्यात आहे. साध्या गाडीचा पत्रा साच्यात घालून प्रेसनं दाबतात, पातेलं बनवतात तसं, म्हणून बॉनेटला गोलाई येते. इथं वापरलंय अतिशय कडक स्टेनलेस स्टील. ते दाबायला गेलं तर प्रेसच मोडेल असं मस्कचं २०१९ मधलं स्पष्टीकरण. मग उरतं काय, तर घडी घालणं. आपल्याकडची धान्याची पत्र्याची कोठी बघ, ती पण अशीच सरळ रेघांची असते आणि तिला कुणी भविष्यातलं डिझाइन म्हणत नाही.

एक गंमत सांगतो. सुरुवातीला असं सांगितलं होतं की बाहेरचा पत्रा हाच गाडीचा सांगाडा, खेकड्याच्या पाठीसारखा. प्रत्यक्षात आली ती गाडी तशी नाही, आत अॅल्युमिनियमचे मोठे ओतीव भाग आहेत आणि स्टीलचे पत्रे वरून बसवलेत. म्हणजे ज्या कारणासाठी आकार असा ठरला त्यातलं अर्धं कारण निघून गेलं आणि आकार तेवढा राहिला. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो पण यावर कुणी भांडत नाही.

स्टेनलेस आहे तरी गंजते म्हणतात. खरं का? — वाचक, रत्नागिरी

रत्नागिरीकरांना गंजाबद्दल मी काय सांगणार! २०२४ च्या सुरुवातीला काही मालकांना पत्र्यावर नारिंगी ठिपके दिसले. टेस्लाच्या इंजिनिअरचं म्हणणं, गाडी गंजत नाहीये, बाहेरचे लोखंडाचे कण येऊन बसतात आणि ते गंजतात, पुसले की जातात. तुमच्या ओट्यावर लोखंडी तवा रात्रभर ठेवला की सकाळी स्टीलवर डाग दिसतो, तसंच. पण कंपनीच्याच माहितीपुस्तकात लिहिलंय की पक्ष्याची विष्ठा, झाडाचा चीक, मेलेले किडे, तेल वगैरे लगेच पुसा. आणि बोटांचे ठसे! माझ्या मावसभावाकडं टेक्सासला गेलो होतो तेव्हा पार्किंगमध्ये एक उभा होता, जवळ जाऊन बघितला, ड्रायव्हरच्या दारावर एका लहान पोराचा अख्खा पंजा उमटलेला, पाच बोटं, तळव्याच्या रेघा सकट. हात दाखवून भविष्य सांगता आलं असतं. म्हणून तर बरेच मालक एवढं महागाचं स्टील विकत घेतात आणि वरून रंगीत रॅप, म्हणजे चिकटवायची फिल्म, चढवून ते झाकतात.

माझ्याकडं बोलेरो पिकप आहे. या गाडीत टोमॅटोचे किती कॅरेट बसतील? — शेतकरी, नारायणगाव

दादा, या सगळ्या पत्रांत तुमचा प्रश्न एक नंबर. अमेरिकेतल्या पिकपवाल्यांनी पण पहिला हाच प्रश्न विचारला होता, फक्त कॅरेटऐवजी गवताच्या गठ्ठ्यांचा.

हौदा सहा फुटाचा आणि वजन उचलायची ताकद साधारण अकराशे किलो. तुमची १.७ टनाची बोलेरो त्यापेक्षा जास्त माल नेते आणि येते दहा लाखांच्या आसपास, हा सत्तर लाखांच्या आसपास, तेही अमेरिकेतल्या सुरुवातीच्या किमतीचे रुपये करून. पण खरी अडचण वजनाची नाही. तुम्ही बाजूचा फाळका पाडून कॅरेट काढता ना? इथं बाजूच्या भिंती केबिनकडं चढत गेलेल्या आहेत, बाजूनं हात आत पोचतच नाही, सगळं मागूनच चढवा आणि मागूनच उतरवा. तुमचे हमाल दुसऱ्या दिवशी येणार नाहीत.

ओढायला मात्र दणकट, पाच टनांपर्यंतचा ट्रेलर ओढतो, फक्त असं ओझं मागं लावलं की रेंज जवळजवळ निम्मी होते. मग नारायणगावहून वाशी मार्केटला माल टाकून परत येताना चार्जिंगला थांबा.

पण अमेरिकेत पिकप म्हणजे काय हे पण समजून घ्या. तिथं पिकप घेणारे सगळे माल वाहत नाहीत, पोरांना शाळेत सोडायला, किराणा आणायला, नुसतं मिरवायला पण पिकपच. फोर्डची एफ सिरीज चाळीसपेक्षा जास्त वर्षं तिथला सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे. त्या लोकांना पिकप कशी दिसली पाहिजे हे डोक्यात पक्कं बसलेलं, आपल्याकडं पाटलाची बुलेट कशी दिसावी हे बसलंय तसं. टेस्लाचं जुनं गिऱ्हाईक मात्र कॅलिफोर्नियातलं, पर्यावरणवालं, ज्याला पिकपच नको असायची. म्हणजे पिकपवाल्याला टेस्ला नको आणि टेस्लावाल्याला पिकप नको, आणि गाडी दोघांच्या मधे.

मी स्वतः गॅरेज चालवतो. आकार सोडा, आतलं काम कसं आहे ते सांगा. — वाचक, नाशिक

मिस्त्री, या प्रश्नासाठी वेगळं पान मागणार होतो.

चांगलं आधी. आपल्या बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टचं वायरिंग, गेली साठ-सत्तर वर्षं तेच. यांनी ४८ व्होल्ट केलं. व्होल्टेज चौपट केलं की तेवढ्याच कामाला करंट पाव लागतो, म्हणजे वायर बारीक, तांबं कमी, वजन कमी. कळत सगळ्या कंपन्यांना होतं, पण मोटर, पंप, दिवे सगळंच ४८ चं बनवून घ्यावं लागतं म्हणून कुणी हात घालत नव्हतं. २०२३ च्या शेवटी टेस्लानं याची माहिती चक्क दुसऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांना पाठवली आणि फोर्डच्या जिम फार्लीनं मिळाली म्हणून जाहीर सांगितलंसुद्धा. दुसरं, स्टिअरिंगचा चाकांशी दांडा जोडलेलाच नाही, तारेतून सिग्नल जातो आणि मोटर चाकं वळवते, मागची चाकंपण वळतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग पूर्ण एक वेढापण घेत नाही. पार्किंगमधून काढताना हात बदलायची गरज नाही. हे काम बघून मी टोपी काढतो.

आता वाईट. एप्रिल २०२४ मध्ये ३,८७८ गाड्या परत बोलावल्या, का तर अॅक्सिलरेटरच्या पेडलवरचं कव्हर निसटून पेडल दाबलेलं अडकू शकत होतं. आणि निसटत का होतं, तर कारखान्यात ते कव्हर सरकून बसावं म्हणून साबण लावला होता! मंजूर नसलेला साबण. उपाय काय केला माहितीये, रिव्हेट मारला. त्याच वर्षी जूनमध्ये वायपरच्या मोटरसाठी अकरा हजारांच्या वर, वायपर एकच आहे आणि चार फुटांचा आहे, मोटरचा काय दोष. मग मार्च २०२५, छताच्या कडेची स्टीलची पट्टी चालत्या गाडीतून सुटून पडू शकते म्हणून ४६,०९६ गाड्या, म्हणजे तोपर्यंत बनलेल्या जवळजवळ सगळ्याच. पट्टी गोंदानं चिकटवलेली होती आणि हवामानानं तो गोंद ठिसूळ होत होता. उपाय, दुसरा गोंद आणि सोबत नटबोल्ट.

म्हणजे साबणाला उत्तर रिव्हेट आणि गोंदाला उत्तर नटबोल्ट. तुमच्या गॅरेजमधल्या पोरानं हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. माझी तक्रार आकाराबद्दल नाही, आकार माझ्या डोळ्याला अर्ध्या तासात सवयीचा झाला. जगात कुणी न केलेलं वायरिंग करणारी कंपनी पट्टी गोंदानं लावते याचा मला राग येतो, आणि लोक गाडीला कपाट म्हणण्यात (मी पण, कबूल) एवढे रमलेत की हे बाजूलाच राहतं. एवढं होऊनही अमेरिकेच्या सरकारी क्रॅश टेस्टमध्ये तिला पाच स्टार आहेत, ते पण लिहिलंच पाहिजे.

भारतात येणार का? — एकूण नऊ पत्रं

वाट बघू नका. टेस्लानं जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला शोरूम उघडलं ते मॉडेल वाय घेऊन. सायबरट्रक फक्त डाव्या स्टिअरिंगचा बनतो. सुरतच्या एका व्यावसायिकानं दुबईहून मागवला तेव्हा गावभर सेल्फी झाले, पण ती हौस. युरोपातपण विकत नाहीत, धारदार कडा आणि पायी चालणाऱ्यांची सुरक्षा हा तिथला मोठा आक्षेप. जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या पोलिसांनी रस्त्यावर दिसलेला एक उचलूनच नेला.

आमच्या मंडळाच्या एका सभासदाकडं सायबरट्रक आहे. गणपतीची मिरवणूक त्यावरून काढावी का यावरून मंडळात दोन गट पडलेत. काय करावं? — कार्यकारिणी सदस्य, डॅलस परिसर

ताई, तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. आधी दुसऱ्या गटाचं ऐकून घ्या, ते उगाच आडमुठे नाहीत. मस्कनं जुलै २०२४ मध्ये ट्रम्पला उघड पाठिंबा दिला, मग सरकारात जाऊन नोकरकपात केली, २०२५ च्या सुरुवातीला टेस्लाच्या शोरूमसमोर निदर्शनं झाली, गाड्यांवर रंग फेकले, काही ठिकाणी जाळल्या. इलॉन वेडा आहे हे कळायच्या आधी घेतलीये, अशा अर्थाची स्टिकरं मालक स्वतःच चिकटवायला लागले. बाकी टेस्ला गर्दीत लपते, ही लपत नाही. तेव्हा ज्याला बाप्पाच्या मिरवणुकीत कुणाचं राजकारण नको त्याचं चुकलं कुठं? आणि ज्यानं हौसेनं गाडी घेतली आणि प्रेमानं देऊ केली त्याचं तरी काय चुकलं, त्यानं मत दिलं नाहीये, गाडी दिलीये.

व्यवहाराचं बघाल तर मिरवणुकीला ही गाडी बरी आहे. एअर सस्पेन्शन आहे, गाडी खाली बसते, मूर्ती चढवायला सोपं जातं. हौद्यातच विजेचे सॉकेट आहेत, तुमचा स्पीकर आणि लाइटिंग त्यावर चालेल, जनरेटरचा धूर आणि खडखडाट नाही. चढत्या भिंतींमुळं मूर्ती बाजूनं झाकली जाईल, तेवढा चौरंग उंच घ्या आणि मूर्ती दोरीनं पक्की बांधा, गाडी लाजवाब पळते म्हणून चालवणाऱ्याला आधीच दम द्या.

आणि दुसऱ्या गटाला सांगा, गाडीच्या नाकावर आणि दोन्ही दारांवर झेंडूची जाड तोरणं येणार आहेत, गाडी दिसणारच नाही. गुलाल उधळा खुशाल. फक्त नारळ गाडीपासून लांब फोडा आणि रात्री घरी जायच्या आधी मालकाला एक ओलं फडकं द्या.