पाणी शिरतं ते झाकणातून

प्रश्न : जुलैत हरिश्चंद्रगडाचा ट्रेक ठरलाय. फोन आयपी६८ म्हणजे धूळ-पाणी रोखणारा आहे, तरी वेगळा वॉटरप्रूफ कॅमेरा घ्यावा का?

नुसत्या पावसासाठी असेल तर नको. फोन पावसाने सहसा मरत नाही, पण वापरता येत नाही. ओल्या स्क्रीनला बोट कोणतं आणि थेंब कोणता ते कळत नाही आणि गारठलेल्या हातातून गुळगुळीत फोन सटकतो. तिथे कॅमेऱ्याची दाबायची बटणं कामाला येतात. ओएम सिस्टिम कंपनीचा टीजी-७ हा वॉटरप्रूफ कॅमेरा तर २.१ मीटरवरून पडला तरी टिकावा असा बनवलाय. पण त्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, १/२.३ इंचाचा, म्हणजे चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरपेक्षा लहान. धुक्यातला कोकणकडा फोनवरच बरा येईल. कशानेही काढा, पण पावसात फ्लॅश बंद ठेवा; नाहीतर फोटोभर पांढरे ठिपके.

प्रश्न : तारकर्लीला स्नॉर्केलिंग करायचंय. टीजी-७ ला १५ मीटर, फुजीफिल्म एक्सपी१४० ला २५, निकॉन डब्ल्यू३०० ला ३० मीटर लिहिलंय. जास्त खोलीचा घेतलेला बरा ना?

स्नॉर्केलिंगमध्ये आपण पाण्यावर तरंगतच खाली बघतो. १५ मीटर रगड झाले.

खरी गोष्ट वेगळी आहे. हे आकडे बॅटरीचं झाकण नीट बंद आहे असं धरून दिलेले असतात. झाकणाच्या आत रबराची बारीक कड असते, सगळं पाणी तीच अडवते. तिच्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला की ३० मीटरवाला कॅमेरा गुडघाभर पाण्यातही जातो. माझा एक असाच गेला. कोलाडला राफ्टिंगच्या आधी घाईत बॅटरी बदलली, झाकणाचा खटका वाजला, मी निर्धास्त. रात्री उघडलं तर आत चमचाभर पाणी आणि रबरावर आडवा पडलेला टॉवेलचा धागा. दोष कुणाला देणार? तेव्हापासून बॅटरी आणि कार्ड मी खोलीवरच घालतो, पंखा बंद करून, चष्मा लावून. किनाऱ्यावर झाकण उघडायचंच नाही.

समुद्रातून आल्यावर झाकण बंद ठेवूनच कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, मीठ सुटू द्या. मग पुसा, सुकवा आणि त्यानंतरच उघडा. तरंगणारा पट्टाही घ्या. हे कॅमेरे दगडासारखे तळाला जातात.

प्रश्न : गेल्या वर्षी पाण्यात उतरताच काचेला आतून वाफ धरली. कॅमेरा गळतोय का?

बहुतेक वेळा नाही. दमट हवेत झाकण उघडलंत, ती हवा आत कोंडली गेली, गार पाण्यात काच थंड झाली आणि दव धरलं. एसीच्या कोरड्या खोलीत झाकण लावून निघा. आत थेंब दिसले, तर मात्र गळती.

प्रश्न : पाण्याखालचे सगळे फोटो निळे-हिरवे का येतात?

पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. अंडरवॉटर मोड लावा आणि माशाच्या जवळ जा. झूम करू नका, मधलं पाणी तेवढंच राहतं.

प्रश्न : जुना डब्ल्यू३०० स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

२०१७ चं मॉडेल आहे. रबर वयानुसार कडक होतं, त्याला चिरा पडतात. म्हणून अशा कॅमेऱ्यांचं रबर वर्षाला बदलून घ्या असं कंपन्या सांगतात. विकणाऱ्याला ते शेवटचं कधी बदललं ते विचारा. झाकण उघडून रबराच्या कडेवरून बोट फिरवा, खरखरीत लागलं तर सोडून द्या. ठीक वाटलं तर कार्ड काढून, झाकण लावून बादलीत बुडवा आणि फटीतून बुडबुडे येतायत का बघा. बादलीत काही १० मीटरचा दाब नसतो, पण ढोबळ गळती कळते. विकणाराच बादलीला नको म्हणाला, तर चहा पिऊन घरी या.