मंगळावर आपलं नेहमीचं मनगटी घड्याळ चालेल का?

चालेल, पण वेळ चुकीची दाखवेल. मंगळाचा एक दिवस, म्हणजे ‘सोल’, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो. आज तिथे सूर्य डोक्यावर असताना तुमच्या घड्याळात बारा वाजले, तर उद्या बारा चाळीस होतील. अठरा-एक दिवसांत भरदुपारी मध्यरात्रीचे बारा!

यावर नासाने सरळ उपाय केला: सोलचेही २४ तासच धरायचे, फक्त प्रत्येक सेकंद पावणेतीन टक्क्यांनी लांबवायचा. २००४ मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी हे नासाचे रोव्हर (चाकांवर फिरणारी यानं) मंगळावर उतरले, तेव्हा कॅलिफोर्नियात पासाडेना इथले नासाचे शास्त्रज्ञ मंगळाच्या वेळेनेच कामावर यायचे. त्यांच्यासाठी जवळच्याच एका घड्याळजीने यांत्रिक घड्याळांमध्ये शिशाची इवलीशी वजनं बसवून ती मुद्दाम संथ केली होती. आपण घड्याळ मागे पडतं म्हणून दुरुस्तीला नेतो, इथे उलटंच! माणसांचे हाल वेगळेच: रोज चाळीस मिनिटं उशिरा झोपायचं, आठवडाभर तसं करून बघा.

खरी डोकेदुखी मात्र कॅलेंडरची आहे. मंगळाचं वर्ष सुमारे ६६८.६ सोलचं. बारा महिने करायचे तर प्रत्येकी पंचावन्न-छप्पन्न दिवसांचे होतील, आणि महिन्याच्या पगाराची वाट कोण एवढी बघणार?