सोमवारची मुलाखत आणि रविवारचा कार्यक्रम

नोकरी शोधता शोधता गाणी लिहिणाऱ्या आणि हौशी बँडमध्ये वाजवणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी इतकी आली, की इतर विषय पुढच्या अंकासाठी ठेवून सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी गाणी लिहितो आणि चार जणांच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. कंत्राटी नोकरी संपल्याला सात महिने झाले. या काळात आमचे २३ कार्यक्रम झाले आणि मी बरेच अर्जही केले. मानधन जाण्यायेण्याच्या खर्चापुरतेच असते. गेल्या महिन्यात रविवारी रात्री कार्यक्रम होता आणि सोमवारी सकाळी दहा वाजता मुलाखत. तिथे मला अगदी साध्या प्रश्नाचे उत्तरही सुचेना. घरचे म्हणतात, आधी नोकरी, मग गाणी. बँडमधले म्हणतात, आत्ता कुठे आपले नाव होऊ लागले आहे. मी बँड सोडावा का?

उत्तर : तुमच्या पत्रात कार्यक्रमांचा आकडा अचूक आहे, २३, आणि अर्ज मात्र 'बरेच' आहेत. हा दोष काढण्यासाठी मी म्हणत नाही, पण तुमच्या अडचणीचे मूळ मला या दोन शब्दांतच दिसते. कार्यक्रमाला तारीख असते, जागा असते, तुमची वाट पाहणारे तीन सहकारी असतात, आणि तुम्ही गेला नाहीत तर त्याच रात्री फोन येतो. अर्जाला यातले काहीच नसते. तो आज पाठवला काय आणि परवा पाठवला काय, कोणी विचारत नाही. तारीख असलेले काम तारीख नसलेल्या कामाला रोज थोडे थोडे मागे ढकलत राहते, आणि सात महिन्यांनी मागे वळून पाहिले की आपण आळस केला नाही हे खरे असूनही हाती काही लागलेले नसते.

दुसरे कारण कबूल करायला थोडे अवघड आहे. कार्यक्रमाचे उत्तर त्याच संध्याकाळी टाळ्यांच्या रूपाने मिळते; अर्जाचे उत्तर बहुधा मिळतच नाही. आठवडाभर नकार आणि मौन सोसलेल्या माणसाला शनिवारचे व्यासपीठ औषधासारखे वाटले तर त्यात नवल नाही. मात्र ज्या आठवड्यात नकार जास्त आले त्याच आठवड्यात तुम्ही नव्या कार्यक्रमाला होकार दिलात का, हे तुमच्या दैनंदिनीत एकदा तपासून पाहा.

आता थोडा हिशेब करू. पाऊण तासाच्या एका कार्यक्रमासाठी तीन-तीन तासांच्या दोन तालमी धरल्या, तर सहा तास झाले. तालमींच्या जाण्यायेण्याचे आणखी दोन. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला सामान घेऊन निघायचे, साउंडचेकसाठी (कार्यक्रमाआधीच्या ध्वनिचाचणीसाठी) रांगेत थांबायचे, आपल्या आधीच्या दोघांचे वादन संपेपर्यंत पडद्यामागे बसून राहायचे, वाजवायचे, तारा गुंडाळायच्या, अ‍ॅम्प्लिफायर गाडीत चढवायचा आणि रात्री एकला घरी पोहोचायचे, म्हणजे आणखी नऊ. एकूण १७ तास, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यात धरलेलीच नाही. तुमच्या २३ कार्यक्रमांना हेच माप लावले तर जवळपास ३९० तास होतात. एकाच तालमीवर दोन कार्यक्रम निभावले असतील तर आकडा कमी होईल, हे मान्य. तरी तो लहान होणार नाही.

या हिशेबात एक गोष्ट मी मुद्दाम धरलेली नाही, ती म्हणजे गाणी लिहिणे. घरच्यांनी 'गाणी' म्हटले की त्यांच्या मनात लेखन, तालीम आणि कार्यक्रम हे सगळे एकाच गाठोड्यात असते, आणि तुम्हीही ते गाठोडे न सोडताच 'ठेवू की टाकू' असे विचारत आहात. वास्तविक मुखडा लिहायला वही आणि अर्धा तास पुरतो, आणि तो अर्धा तास कोणत्याही मुलाखतीच्या आड येत नाही. आड येतात ते कार्यक्रम, आणि त्यांतही कामाच्या दिवसाच्या आदल्या रात्रीचे. म्हणून बँड सोडू नका. पुढचे तीन महिने महिन्याला एकच कार्यक्रम घ्या, आणि तोही ज्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुठेही जायचे नसेल असा. सहकाऱ्यांना 'सध्या जरा जमणार नाही' असे मोघम सांगू नका, कारण मोघम बोलण्याचा राग जास्त येतो. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती कार्यक्रम आणि उरलेल्यांसाठी बदली गिटारवादक कोण, हे त्यांच्यासमोर मांडा. बदली वादकाला सूर आणि ठेके लिहून द्यायचे काम तुमचे. ते न करता नुसते बाजूला होणे योग्य ठरणार नाही.

कार्यक्रमांतून सुटलेले तास आपोआप नोकरीच्या शोधाकडे जातील, असे मात्र समजू नका. त्यांनाही तारखा लावा. आठवड्याच्या चार सकाळी ठरावीक दोन तास, आठवड्याला ठरावीक अर्ज, दर अर्जानंतर दहाव्या दिवशी पाठपुराव्याचे पत्र, आणि हे सगळे एका तक्त्यात. वाट पाहणारा माणूसही नेमून घ्या. बँडचा तुमचा ढोलकवादक किंवा ड्रमवादक रविवारी तक्ता मागत असेल, तर 'बरेच' हा शब्द पुढच्या पत्रात येणार नाही. मुलाखतीची तयारी तर तुम्हाला नव्याने शिकायला नकोच. गाणे मनातल्या मनात म्हणून पाठ झाले असे तुम्ही समजत नाही, मग स्वतःबद्दलची दोन मिनिटे मनातल्या मनात का म्हणता? ती मोठ्याने म्हणा, ध्वनिमुद्रित करा आणि ऐका. कुठे आवाज पडतो आणि कुठे आपण उगीच घाई करतो, हे तुमच्या कानाला इतरांपेक्षा लवकर कळेल.

कानाचा विषय निघालाच आहे तर स्वतःचा एक अनुभव सांगतो. नोकरी शोधत असताना एका रात्री मी ड्रमच्या झांजेशेजारी उभा राहून दीड तास वाजवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी फोनवरून मुलाखत होती. कानात बारीक शिट्टी चालू होती, आणि 'स', 'श', 'त', 'फ' ही व्यंजने जणू कोणी पुसून टाकली होती. पहिला प्रश्न मी तीनदा विचारायला लावला आणि चौथ्यांदा विचारायची लाज वाटून भलत्याच प्रश्नाचे उत्तर दिले. मोठ्या आवाजाने येणारे तात्पुरते बहिरेपण उंच कंप्रतेच्या, म्हणजे बारीक, ध्वनींना आधी गाठते, आणि ही व्यंजने नेमकी तिथेच असतात. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी मानल्या जाणाऱ्या एका सर्वपरिचित मर्यादेनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो, दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, आणि त्या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. वादकांसाठीचे, कानात घालायचे कर्णरोधक सगळ्या सुरांचा आवाज बऱ्यापैकी सारखा कमी करतात, त्यामुळे वाजवताना अडचण येत नाही. तुमच्या त्या सोमवारी झोपेइतकाच कानांचाही दोष असू शकेल.

नोकरी आणि संगीत एकत्र नांदत नाहीत, असे घरचे म्हणत असतील, तर त्यांना अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्ह्‌ज यांच्याबद्दल सांगा. १८९८ मध्ये पदवी घेऊन ते विमा व्यवसायात शिरले, १९३० पर्यंत त्यात राहिले, संगीत रात्री आणि सुट्टीच्या दिवशी लिहिले, १९२२ मध्ये स्वतःच्या ११४ गाण्यांचा संग्रह पदरमोड करून छापला, आणि १९४७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. रशियन संगीतकार बोरोदिन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८६९ मध्ये हाती घेतलेला त्यांचा ऑपेरा १८८७ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंतही पुरा झाला नाही, तो इतरांनी पूर्ण केला. उरलेल्या वेळातली कला रखडते, आणि ती रखडेल हे गृहीत धरूनच निर्णय घ्या.

प्रश्न : मी बँडमध्ये कीबोर्ड वाजवते आणि कार्यक्रम ठरवण्याचे कामही पाहते. रेझ्युमेत याचा उल्लेख करावा का? एका मुलाखतीत 'म्हणजे तुमचे लक्ष तिकडेच असणार' असे ऐकावे लागले, तेव्हापासून भीती वाटते.

उत्तर : वादनाचा उल्लेख छंदात एका ओळीत करा, कार्यक्रम ठरवण्याचा मात्र अनुभवात करा, कारण ते काम आहे. आयोजकांशी बोलणी, करारातल्या अटी, चौघांच्या वेळा जुळवणे, ध्वनिव्यवस्थेवाल्याला सामानाची यादी वेळेत पाठवणे, आणि मानधन थकले की ते वसूल करणे, यांतले ज्या नोकरीला जे उपयोगी तेवढेच, आकड्यांसह लिहा. 'तीन वर्षांत ४० कार्यक्रमांचे नियोजन' हे खरे असेल तर तसे लिहा. 'संस्थापक व मुख्य कार्यकारी अधिकारी' असे बिरुद मात्र लावू नका. चार जणांच्या बँडला ते शोभत नाही आणि वाचणारा मनातल्या मनात हसतो.

तो प्रश्न पुन्हा आला तर बचाव करू नका आणि 'नोकरी लागली की बँड सोडेन' असे वचनही देऊ नका, कारण ते पाळले जात नाही आणि समोरच्यालाही ते ठाऊक असते. 'आठवड्याला एक संध्याकाळ तालीम आणि महिन्याला एक कार्यक्रम, तोही सुट्टीच्या दिवशी' असे नेमके उत्तर द्या. नेमक्या उत्तरावर उपप्रश्न फारसे येत नाहीत. ज्या कामात पाळ्या आणि शनिवार-रविवार असतात, तिथे हा विषय तुम्ही स्वतःच आधी काढावा, म्हणजे रुजू झाल्यावर दोन्हीकडची ओढाताण होणार नाही.

प्रश्न : मला ऑफर लेटर आले आहे. त्यात 'नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याने निर्माण केलेल्या सर्व कृतींची मालकी कंपनीची राहील' असे कलम आहे. माझी गाणीही त्यात जातील का?

उत्तर : सही करण्याआधी विचारलेत, हे उत्तम केलेत. नोकरीतले नेमून दिलेले काम म्हणून केलेली कृती अनेक देशांत मालकाची मानली जाते, पण फावल्या वेळात स्वतःच्या साधनांवर लिहिलेले गाणे सहसा त्यात मोडत नाही. अडचण अशा सरसकट शब्दांची असते. त्यामुळे मनुष्यबळ विभागाला साधे पत्र लिहा, की कार्यालयीन वेळ आणि साधने न वापरता केलेले गीतलेखन व संगीत या कलमातून वगळावे, आणि सोबत आजवरच्या गाण्यांची तारीखवार यादी जोडा. अशी मागणी नवलाची नाही. तोंडी 'काळजी करू नका' एवढ्यावर थांबू नका. उत्तर लेखी घ्या आणि ते आले नाही तर सहीपूर्वी वकिलाला दाखवा. पुढेही कार्यालयाच्या लॅपटॉपवर एक कडवेसुद्धा लिहू नका.

१८८६ च्या बर्न कराराला, म्हणजे लेखन-संगीतासारख्या कृतींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला, १९०८ मध्ये बर्लिन येथे झालेल्या दुरुस्तीपासून करारातल्या देशांत कृतीच्या हक्कासाठी नोंदणीची सक्ती नाही. कागदावर किंवा ध्वनिमुद्रणात उतरलेले गाणे रचणाऱ्याचेच असते. मात्र शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. कंपनीपेक्षाही बँडमध्येच भांडण होण्याची शक्यता मला जास्त वाटते, म्हणून कोणत्या गाण्यात कोणाचा किती वाटा, हे चौघांच्या सहीने लिहून ठेवा, आणि ते गाणे लोकप्रिय होण्याआधी.

प्रश्न : नोकरी गेल्यापासून दिवसभर वेळ आहे, पण एकही ओळ सुचत नाही. पूर्वी प्रवासात उभ्या उभ्या गाणी सुचत.

उत्तर : प्रवासाला शेवट होता, म्हणून सुचत. सबंध दिवस समोर पसरला, की लिहायला कधीही बसता येते आणि म्हणून बसणे होत नाही. अर्ज पाठवून झाल्यावर गजर लावून वीस मिनिटे बसा आणि नवीन विषय शोधूच नका. बेकारीवर गाणे लिहिलेच पाहिजे असेही नाही. एखादी जुनी, शब्द न मिळालेली चाल घ्या आणि तिच्यावर शब्द बसवा. जिथे सूर लांबतो तिथे 'बंद', 'रंग' असा व्यंजनावर मिटणारा शब्द ठेवून गाऊन पाहा, मग त्याच जागी 'दारे', 'वारा' असा मोकळ्या स्वराचा शब्द ठेवा. पहिला गळ्यात अडकतो, दुसरा पुढे वाहतो. पहिल्या आठवड्यात ओळीच्या शेवटचे असे शब्द तेवढे गोळा करा, आणि त्यांच्या मागच्या ओळी दुसऱ्या आठवड्यासाठी राहू द्या.