वाळूचा ट्रे थोडा बाजूला ठेव

अनेक आशीर्वाद.

वाचायला अडखळणाऱ्या मुलांच्या शिकवणीसाठी तू केलेली सामानाची यादी वाचली. वाळूचा ट्रे, सँडपेपरची अक्षरं, चुंबकी मुळाक्षरं, चिकणमाती, सगळं व्यवस्थित आहे. फक्त पहिल्या आठवड्यात कोणती अक्षरं घेणार आणि त्यानंतर कोणती, हे त्यात कुठेच नाही. माझ्या दृष्टीने शिकवणी तिथून सुरू होते.

डोळा, कान, तोंड आणि हात एकत्र वापरून अक्षरं शिकवायची ही ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धत. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते अमेरिकन डॉक्टर सॅम्युअल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम. १९२०-३०च्या दशकांत त्यांनी तिची मांडणी केली, बेसी स्टिलमनही सोबत होत्या. मुलाने अक्षर बघायचं, त्याचा ध्वनी ऐकायचा, तोंडाने म्हणायचा आणि हाताने लिहायचा. पण त्यांच्या कामाचा कणा होता क्रम: सोप्याकडून अवघडाकडे, रोज मागच्याची उजळणी, आणि मुलाला अंदाज बांधायला जागाच नाही. पुढे लोकांनी वाळू उचलली आणि क्रम सोडून दिला.

या पद्धतीचा खरंच उपयोग होतो याला पुरावा काय, असं तू विचारलंस. या पद्धतीवरच्या अभ्यासांचं २०२१मध्ये एकत्रित विश्लेषण झालं. त्यात सरासरी परिणाम चांगल्या बाजूला झुकला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम उतरला नाही. अक्षर-ध्वनीचं नातं उघड आणि क्रमाने शिकवण्याच्या बाजूने मात्र भक्कम पुरावा आहे. वाचन शिकवण्यावरच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २०००मध्ये तेच नोंदवलं. म्हणून ‘हा बघून शिकणारा, ती करून शिकणारी’ अशी मुलांची वाटणी करू नकोस. तिला आधार नाही. स्पर्श आणि हालचाल मुलाला थांबवतात, लक्ष एका अक्षरावर आणतात. त्यांच्याकडून मी एवढीच अपेक्षा ठेवते.

तेवढं साधायला एक अट आहे. बोट वाळूत फिरताना तोंडातून ध्वनी आला पाहिजे, दोन्ही एकाच वेळी. मुकाट्याने गिरवलेलं अक्षर म्हणजे चित्रकला. ‘म’ किंवा ‘स’ लांबवून म्हणता येतात, म्हणून सुरुवातीला बरे पडतात. ‘क’, ‘ट’ लांबत नाहीत, त्यांना घाई लागते.

इंग्रजी पुस्तकं या पुढच्या भागात फारशी कामाची नाहीत. इंग्रजीत मूल स्पेलिंगच्या लहरीपणाशी झगडतं. देवनागरीत अक्षर आणि ध्वनीचं नातं बरंच सरळ आहे, अडचण मात्रा आणि जोडाक्षरांत येते. ‘कि’ बघ: डोळ्याला आधी वेलांटी दिसते, तोंडाला आधी ‘क्’ लागतो. अक्षराचं कार्ड वेगळं आणि पारदर्शक पट्टीवरची वेलांटी वेगळी कर. मुलाने ‘क’ म्हणायचं, पट्टी सरकवून ‘कि’ म्हणायचं. बाराखडी तालात म्हणणाऱ्या मुलाला मधूनच ‘मु’ दाखव. बरीच मुलं तिथे गप्प होतात, कारण त्यांना चाल पाठ असते, अक्षर नाही.

‘र’ला स्वतंत्र वेळ दे. सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या: एकाच ध्वनीची ही चार रूपं एका आठवड्यात कोंबू नकोस. तसंच घ-ध, भ-म, ब-व या जोड्या शेजारी शेजारी आणू नकोस. पुस्तकं ‘फरक ओळखा’ म्हणून मुद्दाम आणतात, आणि नेमका तिथेच गोंधळ पक्का होतो. आधी एक अक्षर झोपेतही चुकणार नाही इतकं बसू दे, मगच दुसरं.

आणखी एक गोष्ट कानाची. मूल ‘ब-द-क’ असं सुटं सुटं वाचतं आणि त्याला बदक ऐकू येत नाही, कारण बोलताना शेवटचा ‘क’ अर्धा होतो. टाळी दोनदा वाजवून ‘ब-दक्’ म्हणून घे. अर्थ लागला की चेहऱ्यावर कळतं.

लेखनासाठी शब्द तू म्हण, मुलाने परत म्हणावा, एकेका अक्षराला एक बोट उघडावं, बोलत बोलत लिहावा, मग लिहिलेलं वाचावं. ऱ्हस्व-दीर्घ मात्र ‘नीट ऐक आणि लिही’ या सूचनेने येत नाही. आपण रोजच्या बोलण्यात तो फरक धड करतच नाही, मग मुलाने ऐकायचं काय? तिथे नियम सांग, जोड्यांनी: फूल-फुलाला, वीट-विटेवर. गुण, विष असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द नंतर अपवाद म्हणून.

चुकलं की ‘नीट बघ’ म्हणू नकोस, ते बघतच असतं. ‘या अक्षरावर बोट ठेव, ध्वनी सांग’ एवढंच म्हण. मूल खरंच वाचतंय की चित्रावरून ओळखतंय अशी शंका आली तर ‘टिमूक’, ‘झपोरी’ असे निरर्थक शब्द दे. मुलांना ते आवडतातही.

बारा-तेरा वर्षांच्या मुलासमोर वाळू ठेवलीस तर त्याचा अपमान होईल. त्याला व्हाइटबोर्ड दे, किंवा टेबलावर बोटाने लिहू दे.

अक्षर उलटं काढणं म्हणजे डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अवघड जाणं), असं पालकांना परस्पर सांगू नकोस. लहान वयात ते सर्रास होतं, आणि निदान हे आपलं काम नव्हे. नजर आणि कान तपासले आहेत का, हे मात्र पहिल्याच भेटीत विचार. ‘किती दिवसांत वाचेल?’ या प्रश्नाला तारीख देऊ नकोस. दर पंधरवड्याला तेवढ्याच अवघड उताऱ्यावर मिनिटाला किती शब्द बरोबर आले ते लिहून ठेव, तो कागद दाखव. आठवड्यातून एक लांब तास घेण्यापेक्षा अर्ध्या तासाच्या चार बैठका जमव.

पहिल्या महिन्याच्या अक्षरांचा क्रम लिहून पाठव. त्यात घ आणि ध एकाच ओळीत दिसले, तर कागद लाल शाईने भरून परत येईल.

तुझी,
ताई