नट व्हायला झ्युरिकला येतोयस? आधी ब्रुनो गान्त्स कुठे कुठे गेला ते बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय 24, पुण्यात नाट्यशिक्षण झालंय, प्रायोगिकवर चार-पाच नाटकं केलीयस, जर्मनच्या ‘ए-टू’ या प्राथमिक पातळीपर्यंत पोचलायस. ‘डाउनफॉल’ आणि ‘विंग्ज ऑफ डिझायर’ हे सिनेमे बघून ब्रुनो गान्त्स या नटाने तुला झपाटलंय, आणि तो स्विस म्हणून तू झ्युरिकला यायचं म्हणतोयस. इथे नट म्हणून जम बसेल का, असं विचारलंस. मी झ्युरिकजवळ राहते आणि एका नाट्यगृहाच्या कपडेपटात काम करते. मापं घेताना नट मंडळी मोकळेपणी बोलतात, त्यामुळे कोणाला काम आहे आणि कोण घरी बसलंय हे आम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं. म्हणून जरा लांबण लावते.

गान्त्स झ्युरिकचाच, हे खरं. जन्म 22 मार्च 1941 चा. वडील स्विस, कारखान्यातले मेकॅनिक. आई उत्तर इटलीची. शाळेची शेवटची परीक्षा न देताच तो बाहेर पडला, अभिनय शिकता शिकता पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली. 1960 मध्ये एका स्विस सिनेमात छोटंसं काम मिळालं. आणि लगेच दोन वर्षांत तो जर्मनीत गेला. आधी ग्योटिंगेन, मग 1964 पासून ब्रेमेन.

ब्रेमेनवर थांब जरा, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. जर्मनीत प्रत्येक बऱ्यापैकी शहराचं सरकारी पैशावर चालणारं नाट्यगृह असतं, आणि त्याचा स्वतःचा पगारी नटसंच असतो. सकाळी दहा ते दोन तालीम, संध्याकाळी पुन्हा तालीम नाहीतर प्रयोग. एकाच हंगामात चार-पाच नाटकं आलटून पालटून चालू. करार एकेका वर्षाचा, आणि पुढच्या वर्षी ठेवणार नसतील तर ऑक्टोबरअखेर तसं कळवतात. त्या महिन्यात मापाला येणाऱ्यांचे चेहरे बघावेत! आपल्याकडे नोकरी सांभाळून रात्री तालमी करायची सवय असलेल्यांना हे आधी स्वर्गासारखं वाटतं. पण इथे नट सरकारी नोकरासारखा राबतो आणि सरकारी नोकरीची शाश्वती मात्र त्याला नसते.

ब्रेमेनला तेव्हा कुर्ट ह्युब्नर नाट्यगृहाचा प्रमुख होता. पेटर झाडेक आणि पेटर श्टाइन हे दिग्दर्शक तिथेच घडत होते. गान्त्सने तिथे 1965 मध्ये हॅम्लेट केला, म्हणजे साधारण तुझ्याच वयाचा असताना. मग शिलरच्या ‘द रॉबर्स’मधला खलनायक फ्रान्त्स, आणि 1969 मध्ये श्टाइनच्या दिग्दर्शनाखाली जर्मन कवी-नाटककार ग्योटेच्या नाटकातला कवी टास्सो. पुढच्याच वर्षी ही मंडळी बर्लिनला गेली आणि शाउब्युने या नाट्यगृहाचा नवा संच उभा राहिला. तिथे नटांपासून तंत्रज्ञांपर्यंत सगळ्यांना निर्णयात मत होतं, आणि बैठका संपता संपत नसत. पहिलं नाटक ब्रेख्तचं ‘द मदर’, मुख्य भूमिकेत सत्तरी ओलांडलेली थेरेझे गीजं.

या बाईंबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नाझींमुळे जर्मनी सोडावी लागलेली ही ज्यू नटी झ्युरिकच्या शाउश्पीलहाउस या नाट्यगृहात काम करत होती. ब्रेख्तच्या ‘मदर करेज’चा जगातला पहिला प्रयोग तिथेच झाला, 19 एप्रिल 1941 ला, आणि मदर करेज हीच होती. गान्त्स तेव्हा त्याच शहरात चार आठवड्यांचा होता. त्या काळात जर्मन रंगभूमीतली उत्तम माणसं आसऱ्याला झ्युरिकला आली होती, म्हणून झ्युरिकचं नाव झालं. युद्ध संपलं आणि ओघ पुन्हा उलटा फिरला. तू जे झ्युरिक मनात धरून बसलायस ते बरंचसं त्या दहा-बारा वर्षांचं आहे. आजही शाउश्पीलहाउस उत्तम आहे, पण जर्मन बोलणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये पगारी नटसंच असलेली नाट्यगृहं बोटांवर मोजण्याइतकी: झ्युरिक, बाझेल, बर्न, लुत्सर्न, सांक्ट गालेन अशी. जर्मनीत शंभरच्या वर.

आता सिनेमा. पडद्यावर त्याचं खरं नाव झालं 1976 मध्ये, एरिक रोमेरच्या ‘द मार्कीझ ऑफ ओ’ने. तोवर पस्तिशी गाठली होती, आणि मागे रंगभूमीची दीड दशकं होती. मग व्हेंडर्स, हेर्त्सोग, श्ल्योन्डोर्फ हे जर्मन दिग्दर्शक. ‘विंग्ज ऑफ डिझायर’ 1987 मध्ये. तरी त्याने नाटक सोडलं नाही. 2000 मध्ये हानोफरला श्टाइनने ग्योटेचा ‘फाउस्ट’ दोन्ही भागांसकट, एक ओळही न गाळता केला. बारा हजारांवर ओळी, मध्यंतरं धरून एकवीस तासांच्या आसपास. तालमीत गान्त्सला दुखापत झाली आणि सुरुवातीचे प्रयोग ख्रिस्टियान निकेल या तरुण नटाने सांभाळले, मग गान्त्स परत आला. 1996 मध्ये त्याच्याकडे इफलांड अंगठी आली होती. जर्मन भाषेतल्या रंगभूमीवरच्या सर्वश्रेष्ठ नटाकडे ती तहहयात असते, आणि पुढचा मानकरी तोच नेमून ठेवतो. 2019 मध्ये गान्त्स गेल्यावर ती येन्स हार्त्सरकडे गेली.

भाषेचं तुला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. इथले लोक घरी, दुकानात, ट्राममध्ये स्विस जर्मन बोलतात, आणि नाटकं बहुतेक प्रमाण जर्मनमध्ये होतात. गान्त्सलाही रंगमंचावरचं जर्मन कमवावं लागलं, घरात मालवणी बोलणाऱ्या पोराला बालगंधर्वमध्ये शुद्ध मराठीत पल्लेदार स्वगत म्हणायला लागावं तसं. ‘डाउनफॉल’मध्ये हिटलर करताना त्याने ऑस्ट्रियन हेल काढला. त्यासाठी 1942 मध्ये फिनलंडमध्ये गुपचूप झालेलं हिटलरच्या साध्या गप्पांचं ध्वनिमुद्रण ऐकून ऐकून आवाज पकडला. झ्युरिकला आलास तर तुला एकाच वेळी दोन जर्मन शिकावी लागतील. ‘ए-टू’वर हे जमणार नाही. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात ‘बी-टू’ पूर्ण कर, जमलं तर ‘सी-वन’ही. तिथे ते स्वस्तात होईल, इथे भाडंच तुला खाऊन टाकेल.

कागदपत्रांचं म्हणशील तर गान्त्स स्विस पासपोर्ट घेऊन गेला होता, तुझा भारतीय आहे. युरोपबाहेरच्या लोकांसाठी सगळ्या स्वित्झर्लंडचा कामाच्या परवान्यांचा वार्षिक कोटा अलीकडे 8,500 आहे, आणि या कामाला स्विस किंवा युरोपीय माणूस मिळाला नाही असं मालकाला दाखवून द्यावं लागतं. आयटीवाल्यांना ते जमतं. नटासाठी असा अर्ज कोण करणार? त्यामुळे विद्यार्थी म्हणून येणं हाच खरा रस्ता, आणि तोही मी जर्मनीचाच सुचवेन. सरकारी अभिनयशाळांना बहुतेक राज्यांत फी जवळपास नसते. वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात. हा आकडा वाढत असतो, अर्जाआधी बघून घे. बऱ्याच शाळांना वयाची अट असते, पंचविशीच्या आसपास, म्हणून दोन वर्षं ‘बघू’ म्हणत घालवू नकोस.

स्वित्झर्लंडचाच हट्ट असेल तर एक जागा मात्र आहे: तिचिनो प्रांतात व्हेर्शियो नावाचं खेडं, तिथली अकादेमिया दिमित्री. दिमित्री या विदूषकाने 1975 मध्ये काढलेली ही शाळा शारीर अभिनयावर भर देते. तू लावणी आणि दशावतारावर काम केलंयस असं लिहिलंस, तर तिथल्या परीक्षेत तुझ्याकडे दाखवायला काहीतरी असेल.

आणि परक्या उच्चारांची फार धास्ती घेऊ नकोस. ‘ब्रेड अँड ट्युलिप्स’ मिळाला तर बघच. त्यात गान्त्स व्हेनिसमधला आइसलंडी वेटर आहे, पुस्तकी, नटवं इटालियन बोलणारा. त्यावर त्याला इटलीचा दाविद दि दोनातेल्लो हा सिनेमा पुरस्कार मिळाला. बर्लिनचं माक्सिम गोर्की नाट्यगृह तर स्थलांतरितांच्याच गोष्टी करतं, आणि निर्वासित नटांचा एक संच त्यांनी 2016 मध्ये उभा केला होता. पण तिथेही जर्मन येत असलेलं बरं हे लक्षात ठेव. बर्लिनचं पुण्याशी एक जुनं नातंही आहे, ग्रिप्स या बालरंगभूमीचं: डॉ. मोहन आगाशांनी 1986 मध्ये ते पुण्यात आणलं. ग्रिप्स केलेली जुनी मंडळी तुझ्या आजूबाजूला असतीलच. मला विचारण्याआधी त्यांना गाठ, बर्लिनमधली माणसं ते ओळखतात.

प्रवेशपरीक्षेला बहुतेक ठिकाणी तीनेक प्रवेश तयार लागतात, त्यात एक अभिजात हवा. टास्सोचा घेऊ नकोस, तो पोरसवद्या वयात हमखास फसतो. जर्मन नाटककार क्लाइस्टचं काहीतरी बघ. पाठ झालं की आवाज रेकॉर्ड करून मला पाठव. आमच्याकडचा एक म्हातारा प्रॉम्प्टर आहे, त्याला ऐकवते. तो उच्चारांच्या बाबतीत कोणाचीही भीड ठेवत नाही.