२००९ मध्ये अमेरिकेतल्या काही राज्यांनी बेकारी भत्त्यासाठीचा केंद्राचा पैसा का नाकारला?

अट होती कायदा बदलण्याची. केंद्राने देऊ केलेल्या ७ अब्ज डॉलरपैकी राज्याच्या वाट्याचा एक तृतीयांश भाग हवा, तर कामगाराची पात्रता ठरवताना नुकत्याच संपलेल्या तिमाहीची कमाईही धरायची. एरवी ती सुटते, आणि नवा किंवा तुटक काम करणारा कामगार तिथेच अपात्र ठरतो. उरलेल्या पैशासाठी चारपैकी दोन सुधारणा. उदाहरणार्थ अर्धवेळ काम शोधणाऱ्यालाही भत्ता.

टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी ५५.५ कोटी डॉलर नाकारले. युक्तिवाद असा की केंद्राचा पैसा एकदाच येणार, वाढीव भत्ता मात्र कायमचा, आणि त्याचा कर मालकांवर. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण त्याच वर्षी राज्याचा बेकारी निधी आटला आणि टेक्सासने केंद्राकडूनच कर्ज काढलं!